तोतया, आप्त आणि ओटीपी

मंडळी, आजचा विषय 'घरातलं इंटरनेट आणि आपली सुरक्षितता' असा जाहीर झाला आहे. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने यावर काय बोलायचं, असं आपल्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. संगणकाच्या आत काय चालतं ते सांगणारे माझ्यापेक्षा जाणते लोक पुष्कळ आहेत. मी सांगणार आहे तो एका जुन्या प्रश्नाचा इतिहास. समोरचा माणूस 'मी अमुक आहे' असं म्हणतो. ते खरं कशावरून मानायचं? इंटरनेटवरची बहुतेक फसवणूक या एका प्रश्नापाशी येऊन थांबते, आणि हा प्रश्न इंटरनेटने निर्माण केलेला नाही.

वर्तमानपत्रात आपण 'तोतया पोलीस', 'तोतया अधिकारी' असे मथळे वाचतो. मराठी माणसाच्या स्मरणात हा शब्द पक्का बसला तो पानिपतामुळे. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ रणात पडले. पण शंका राहिली. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी तर शेवटपर्यंत वैधव्य पत्करलं नाही. अशा वातावरणात एक कनोजी ब्राह्मण उभा राहिला आणि 'मीच भाऊ' म्हणू लागला. माधवराव पेशव्यांच्या काळात त्याची चौकशी झाली, भाऊंना जवळून ओळखणाऱ्या माणसांकडून पारख झाली, तो तोतया ठरला आणि किल्ल्यांवर कैदेत पडला. इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण १७७६ मध्ये, माधवराव गेलेले, नारायणरावांचा खून झालेला, बारभाई आणि राघोबादादा यांचं भांडण पेटलेलं, अशा वेळी रत्नागिरीहून तो सुटला आणि बघता बघता त्याच्यामागे हजारोंची फौज जमली, कोकणातले किल्ले हाती आले. शेवटी आंग्र्यांच्या हाती सापडला आणि पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी या प्रसंगावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं, ते आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल.

मला या प्रकरणात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या माणसाची एकदा रीतसर पारख झाली होती, तरी लोक त्याच्यामागे गेले. का गेले? एक तर भाऊ परत यावेत अशी पुष्कळांची इच्छा होती. दुसरं म्हणजे काळ गडबडीचा होता, शांतपणे विचारायला कुणाला सवड नव्हती. इच्छा आणि घाई. काही वेळा इच्छेच्या जागी भीती येते. तोतयाचं भांडवल एवढंच असतं, आणि ते आपण पुरवतो.

जुन्या व्यवहारात यावर तोडगे होते. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब, म्हणजे खाली कुणी चार ओळी घुसडू नयेत. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आजही वापरतो. त्याहून मला हुंडी फार बोलकी वाटते. हजार रुपयांची हुंडी असेल तर हजार लिहायचे आणि पुढे 'निमे पाचशे, त्याची दुप्पट' असंही लिहायचं, म्हणजे शून्य वाढवण्याची सोय राहत नाही. पण खरी मेख पुढे आहे. हुंडी घेऊन माणूस एका वाटेने यायचा, आणि 'आम्ही अशी हुंडी लिहिली आहे' असं कळवणारं पत्र पेढीला दुसऱ्या वाटेने यायचं. दोन्ही जुळलं की पैसे. ही दुसरी वाट लक्षात ठेवा, मी तिच्याकडे पुन्हा येणार आहे. जाता जाता सांगतो, हुंडीचा एक प्रकार 'शहाजोग' होता. प्रतिष्ठित, ओळखीच्या सावकारालाच तिचे पैसे मिळत. आज मराठीत शहाजोग म्हणजे सज्जनपणाचा आव आणणारा! शब्दालाच तोतया भेटला म्हणायचं.

आता फ्रान्समध्ये जाऊ, कारण दूरसंदेशाच्या जाळ्यातली पहिली गाजलेली लबाडी तिथली आहे. विजेच्या तारेच्या आधी तिथे डोंगरमाथ्यांवर मनोरे होते. त्यांवरचे लाकडी हात हलवून एका मनोऱ्याने दुसऱ्याला सरकारी संदेश द्यायचा. १८३४ ते १८३६ या काळात बोर्दो शहरातल्या ब्लांक बंधूंनी तूर इथल्या एका तारवाल्याला लाच देऊन सरकारी संदेशात ठरावीक 'चुका' घुसवल्या. चूक म्हणजे पॅरिसच्या रोखेबाजाराची खबर. बोर्दोमध्ये वर्तमानपत्र पोचण्याआधी या भावांना भाव कळलेला असे. पकडले गेले, पण असं करणं गुन्हा आहे असं सांगणारा कायदाच तेव्हा नव्हता, त्यामुळे मोठ्या शिक्षेतून ते निसटले. कायदा नंतर आला. हा क्रम पुढेही दिसेल.

आता इंटरनेट. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे पहिला संदेश गेला. 'लॉगिन' शब्दाची दोन अक्षरं गेली आणि यंत्र कोसळलं. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर टपाल पाठवलं आणि पत्त्यात ते '@' चिन्ह आणलं. १९८२ मध्ये ई-मेल पोचवण्याचे नियम पक्के झाले. त्या नियमांत पाठवणाऱ्याने आपलं नाव काय लिहावं यावर कसलीच तपासणी नव्हती. पाकिटावर मागच्या बाजूला मी राष्ट्रपतींचं नाव लिहिलं तर टपालखातं काय करणार? तसंच. याला कुणी मूर्खपणा म्हणू नये. जाळ्यावर होते ते विद्यापीठांतले आणि प्रयोगशाळांतले लोक, बहुतेक एकमेकांना ओळखणारे. वाड्यात दाराला कडी कोण लावतं? पुढे वाड्याचं शहर झालं, आणि कडी नसलेली दारं तशीच राहिली.

म्हणजे कुलपं अजिबात नव्हती असंही नाही. पासवर्ड त्याच्याही आधीचा. एम.आय.टी.मध्ये फर्नांडो कॉर्बाटो यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अनेकांनी एकच संगणक वाटून वापरायची व्यवस्था केली, तेव्हा प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आला. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधकाला त्याच्या वाट्याला आलेले आठवड्याचे चार तास पुरेनात. त्याने काय केलं? पासवर्डांची फाईलच छापून मिळावी अशी विनंती यंत्राला दिली, आणि यंत्राने ती निमूटपणे छापून दिली. पासवर्डचा इतिहास आणि पासवर्डचोरीचा इतिहास जवळजवळ एकाच वयाचे आहेत.

यातली पुढची कथा बापलेकांची. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये एक निबंध लिहिला. त्यांनी ३,२८९ पासवर्ड गोळा करून पाहिले. त्यातले सुमारे ८६ टक्के सहज ओळखता येणारे निघाले. कुणाचं एकच अक्षर, कुणाची दोन, कुणाचा शब्द सरळ शब्दकोशातला. माणसाने काय करू नये, हे या मॉरिस साहेबांनी जगाला समजावून सांगितलं. ९ वर्षांनी, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, त्यांच्याच मुलाने, रॉबर्ट टॅपन मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने, एक स्वतःहून पसरणारा प्रोग्रॅम जाळ्यावर सोडला. त्याच्याकडे शब्दांची एक यादी होती आणि ते शब्द तो पासवर्ड म्हणून लावून बघत असे. इतर फटीही त्याला माहीत होत्या. त्या काळच्या जाळ्यावरचे अंदाजे ६,००० संगणक ठप्प झाले. वडील तेव्हा अमेरिकी सरकारच्या संगणक-सुरक्षा केंद्रात मोठ्या पदावर होते! मुलाला तीन वर्षांची देखरेख, ४०० तासांची समाजसेवा आणि दंड अशी शिक्षा झाली. नऊ वर्षं हातात असलेलं ज्ञान उपयोगी का पडलं नाही? कारण ते निबंधात होतं, लोकांच्या सवयीत नव्हतं.

पासवर्डविषयी घरच्यापुरतं इथेच सांगून टाकतो. मोठा अक्षर, चिन्ह, आकडा, दर तीन महिन्यांनी बदला, असे नियम आपण वर्षानुवर्षं ऐकले. २०१७ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने आपला जुना सल्ला बदलला: लांबी महत्त्वाची, उगीच मुदतीने बदलायला लावू नका. चार-पाच असंबद्ध मराठी शब्दांची माळ पुरते. बँकेचा आणि ई-मेलचा मात्र वेगळा असावा. लक्षात राहत नसेल तर वहीत लिहून कपाटात ठेवा. 'लिहू नका' हा सल्ला कचेरीसाठी होता, घरासाठी नव्हे. दूर देशातल्या चोराला तुमचं कपाट उघडता येत नाही.

भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. त्याच सुमारास अमेरिकेत ए.ओ.एल. या सेवेवर नवा धंदा सुरू झाला होता. 'मी कंपनीचा माणूस, तुमचा पासवर्ड पडताळायचा आहे' असा संदेश यायचा. त्यालाच 'फिशिंग' नाव पडलं. कंपनीला अखेर आपल्या पडद्यावर लिहावं लागलं की आमचा कुठलाही कर्मचारी तुमचा पासवर्ड विचारणार नाही. आपल्या बँकांचे 'ओटीपी कुणालाही सांगू नका' हे संदेश त्याच वाक्याचे वंशज आहेत.

मग आला मे २०००. फिलिपिन्समधून निघालेलं एक टपाल काही तासांत जगभर गेलं. विषय होता 'आय लव्ह यू', आणि सोबत एक प्रेमपत्र जोडलेलं. दिसायला साधी मजकुराची फाईल, प्रत्यक्षात प्रोग्रॅम, कारण विंडोज फाईलच्या नावाचं शेपूट लपवून ठेवत असे. उघडलं की ते तुमच्या फाईली नासवायचं आणि तुमच्या पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना तुमच्या नावाने तेच पाठवायचं. ते करणाऱ्या तरुणावर खटला टिकला नाही, कारण फिलिपिन्समध्ये तेव्हा तसा कायदा नव्हता. ब्लांक बंधू आठवले ना? आपला माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला लागू झाला.

या प्रेमपत्राने एक नवी गोष्ट दाखवली. तोवर आपण 'अनोळखी माणसाचं उघडू नका' म्हणत होतो. हे तर ओळखीच्याच माणसाकडून आलं होतं, त्याच्याच खऱ्या पत्त्यावरून. इथे मला माझ्या विषयात दोन मिनिटं शिरू द्या. न्यायदर्शनात शब्द हे एक प्रमाण मानलं आहे, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून खरं ज्ञान होऊ शकतं. पण सांगणारा 'आप्त' हवा. आप्त कोण? ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे तो. वात्स्यायन तर म्हणतो की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखंच लागू आहे. जात नाही, कुळ नाही, नातं नाही. आणि मराठीत आपण आप्त कुणाला म्हणतो? नातेवाइकाला! आप्तेष्ट, आप्तस्वकीय. भाषेने दोन्ही अर्थ एका शब्दात घातले आणि आपली मनंही तशीच घडली. मावसभावाने व्हॉट्सॲपवर पाठवलं म्हणजे खरं. अहो, तो तुमचा आप्त आहे, त्या बातमीचा नव्हे. त्याने ती पाहिली का? त्याला ती आणखी कुणीतरी पाठवली.

याची किंमत पैशांतच मोजावी लागते असं नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा देशभर फिरत होत्या. त्यातली एक चित्रफीत मूळची कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीची होती. शेवटचा खुलासा कापून ती पुढे ढकलली जात होती. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने मारून टाकलं. ते मंगळवेढ्याकडचे होते. मारणाऱ्यांना एखाद्या दूरच्या शत्रूने फसवलं नव्हतं. अफवा गावोगावच्या ओळखीपाळखीच्या माणसांकडून आली होती, आणि पाठवणाऱ्या बहुतेकांना आपण पोरांची काळजी घेतोय असंच वाटत होतं. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचांनाच पुढे पाठवायची मर्यादा घातली. इंटरनेटवर सुरक्षित राहायचं म्हणजे आपलं खातं सांभाळायचं, एवढाच अर्थ आपण लावतो. आपल्या बोटाने दुसऱ्याचा जीव जाऊ नये, हाही त्याचा अर्थ आहे.

पुन्हा न्यायाकडे. एक जुना वाद आहे. मीमांसक म्हणतात ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. उलट पुरावा समोर येईपर्यंत ते खरं मानून चालायचं. नैयायिक म्हणतात, नाही, प्रामाण्य 'परतः', म्हणजे बाहेरून ठरतं. पाणी दिसलं, जवळ गेलात, प्यालात, तहान भागली, तेव्हा ते मृगजळ नव्हतं हे कळलं. रोजचं आयुष्य मीमांसकाच्याच रीतीने चालतं. दूधवाल्याकडे रोज ओळखपत्र मागणारा माणूस वेडा ठरेल. पण जो संदेश पैसे मागतो, गुप्त आकडा मागतो किंवा घाई करायला लावतो, त्याच्यापुरतं नैयायिक व्हावं. संदेशाचा खरेपणा संदेशाच्या आत शोधू नये.

आत शोधायची सवय आपल्याला लावली गेली आहे. बँकेचं बोधचिन्ह बघा, शुद्धलेखन तपासा, पत्त्याशेजारी कुलूप आहे का पाहा. ते कुलूप एवढंच सांगतं की मधल्या वाटेत कुणी ऐकत नाही आणि पत्त्यातलं नाव त्याच जागेचं आहे. पलीकडे साव बसला आहे की चोर, ते कुलपाला ठाऊक नसतं. चोरही कुलूप लावतो. लोकांचा हा गैरसमज इतका पक्का झाला की २०२३ मध्ये गूगलने क्रोममधून ते चिन्हच काढून टाकलं.

ओटीपी मात्र बाहेरची वाट आहे. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्डव्यवहाराला जादा पडताळणी सक्तीची केली, आणि पुढे ओटीपी घरोघर पोचला. कल्पना हुंडीचीच: कार्डाचा आकडा एका वाटेने, खात्री दुसऱ्या वाटेने. मग फसवणूक होते कशी? चोर आपल्याला फोन करतो आणि दुसऱ्या वाटेने आलेलं पत्र आपणच पहिल्या वाटेवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात देतो. वाटा दोन होत्या, आपण त्यांची एक केली. यूपीआयचंही तसंच. २०१६ पासून आपण ते वापरतो, तरी 'पैसे घेण्यासाठी पिन टाका' या थापेला माणसं अजून बळी पडतात. पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच नाही. एवढं एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या मावशींनाही, सांगून ठेवावं.

बँकाही यातून सुटलेल्या नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यात कॉसमॉस बँकेची सुमारे ९४ कोटी रुपयांची लूट झाली. एटीएमचा प्रश्न बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत जायचा, त्याऐवजी मध्येच बसवलेली तोतया यंत्रणा 'हो, पैसे द्या' असं परस्पर उत्तर देत राहिली. पैसे निघाले २८ देशांतून. बाहेर विचारायची वाट तुटली की यंत्रसुद्धा फसतं.

आणि ज्याला 'डिजिटल अटक' म्हणतात, त्यात नेमकं हेच केलं जातं. फोन येतो: तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधारवर खातं उघडून काळा पैसा फिरवला. मग व्हिडिओवर गणवेशातला अधिकारी, मागे ठाण्याचा देखावा. २०२४ मध्ये एका मोठ्या उद्योगपतीला तर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवून ७ कोटींना लुटलं. तेव्हा अशिक्षित, भोळी माणसंच फसतात, असं कृपा करून म्हणू नका. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून सांगितलं की डिजिटल अटक अशी कुठलीही तरतूद कायद्यात नाही. गणवेश, देखावा हे सगळं सजावटीचं सामान आहे. कळीचं वाक्य वेगळं असतं: 'कॅमेऱ्यासमोरून हलू नका आणि कुणाला सांगू नका.' मुलाला नाही, शेजाऱ्याला नाही, बँकेतल्या ओळखीच्या माणसाला नाही. बाहेरच्या सगळ्या वाटा बंद. हे वाक्य ऐकू आलं की पुढचं काही तपासायची गरजच नाही, फोन ठेवावा.

ठेवल्यावर काय? बँकेला फोन करायचा तो पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर. गूगलवर शोधून मिळालेल्या 'ग्राहक सेवा' नंबरावर नाही, तिथेही तोतये बसलेले असतात. पोलिसांची शंका असेल तर जवळच्या ठाण्यात जाऊन विचारावं. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० हा नंबर. उद्या सकाळी नव्हे. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या अशा उड्या मारत जातात आणि मधल्या एखाद्या खात्यात अडवता येतात, पण त्याला वेळेचं बंधन आहे. माझ्या वयाची माणसं मात्र आधी दोन दिवस लाजेत घालवतात. मुलगा काय म्हणेल, सून काय म्हणेल. घरातल्या तरुणांना माझं सांगणं आहे की आईवडिलांना फोन वापरता येत नाही म्हणून हसणं बंद करा. ते हसू आठवूनच ते तुम्हाला सांगायला कचरतात, आणि चोराला तेवढा वेळ पुरतो.

आता आवाजाचीही नक्कल होते. परदेशातल्या नातवाच्या आवाजात 'आजोबा, अडकलोय, पैसे पाठवा' असा फोन येऊ शकतो. पुण्यात आज कितीतरी घरांत मागे दोन म्हातारी माणसंच राहिली आहेत, त्यांना हा धोका जास्त. पूर्वी निरोप्याबरोबर खूण पाठवायची पद्धत होती, अंगठी किंवा दोघांनाच ठाऊक असलेला एखादा शब्द. ती पुन्हा सुरू करायला हरकत नाही. घरच्यांनी एकत्र बसून एक खूण ठरवावी, फेसबुकवर सापडणार नाही अशी. कुत्र्याचं नाव नको, वाढदिवस नको. आणि खूण विसरली गेलीच, तर फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या नंबरावर आपण उलट फोन करावा.

मी बराच वेळ घेतला. पाणी घेतो, मग तुमचे प्रश्न घेऊ.